आकाशातलं रिंगण आणि कमरेचं शिसं

दोस्तांनो, विमानातून उडी मारायला निघालेला माणूस अंगावर काय काय चढवतो, सांगा बरं! पाठीवर पॅराशूट, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल, मनगटावर उंची दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. इथपर्यंत ठीक आहे. पण यातलेच काही जण विमानात चढण्यापूर्वी कमरेला चक्क दोन-चार किलो शिसं बांधतात! तुम्ही म्हणाल, "काहीतरीच काय! खाली तर पडायचंच आहे, मग हे आणखी ओझं कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज या शिशाच्या पट्ट्याचीच गोष्ट.

स्कायडायव्हिंगमध्ये खरी धमाल असते ती सगळ्यांनी मिळून उडी मारण्यात. साधारण ४००० मीटर उंचीवर विमानाचं दार उघडतं आणि सगळे भराभर बाहेर पडतात. पॅराशूट लगेच उघडत नाहीत. पोट जमिनीकडे, हातपाय पसरलेले, असे ते हवेतून खाली येत राहतात आणि येता येता एकमेकांचे हात-पाय धरून रिंगण करतात. वेळ किती? जेमतेम एक मिनिट! ८ फेब्रुवारी २००६ रोजी थायलंडमध्ये उडोन थानी इथे तब्बल ४०० जणांनी मिळून आकाशात एक आकृती जुळवली. ती टिकली सव्वाचार सेकंद. २००९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पेरिस या गावी (फ्रान्सचं पॅरिस नव्हे, बरं का!) १८१ जणींनी अशीच आकृती केली. त्यात एकही पुरुष नव्हता.

आता विचार करा. हवेत कुणाचा हात धरायचा, तर दोघं एकाच उंचीवर हवीत. एकाच उंचीवर राहायचं, तर दोघांचा पडण्याचा वेग सारखा हवा. तो सारखा असतो का?

"असतोच!" असं तुमच्यातला एखादा हुशार गडी म्हणेल. "जड आणि हलकी वस्तू एकाच वेगानं पडते, हे गॅलिलिओनं सांगितलंय की!" बरोबर आहे, पण जिथे हवेचा अडथळा नाही तिथे. १९७१ साली अपोलो-१५ मधले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून पीस एकदम सोडलं. दोन्ही एकदमच खाली पोचली. चंद्रावर हवा नाही ना! आपल्या पृथ्वीवर मात्र हवा आहे आणि ती वाटेत आडवी येते.

पडणाऱ्याचा वेग वाढला, की हवेचा विरोधही वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट! वाढता वाढता तो माणसाच्या वजनाइतका होतो आणि मग वेग वाढायचा थांबतो. याला म्हणतात अंतिम वेग. पोटावर पडणाऱ्या माणसाचा तो ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. वजन जितकं जास्त, तितकं ते तोलून धरायला हवेला जास्त वेग लागतो. म्हणून जड माणूस भरभर खाली जातो आणि हलका मागे, म्हणजे वरच राहतो.

पटत नाही? मग करून पाहा. बेकरीत मावा केक ज्या पातळ कागदी वाटीत मिळतो, तसल्या पाच कोऱ्या वाट्या घ्या. चार वाट्या एकात एक घाला, एक सुटी ठेवा. पंखा बंद करा आणि दोन्ही एकाच उंचीवरून सोडा. चार वाट्यांची चळत आधी पोचते. वजन चौपट, पण हवेपुढे येणारं तोंड एकाच वाटीएवढं. वजन चौपट झालं की अंतिम वेग दुप्पट होतो. म्हणून सुटी वाटी १ मीटरवरून आणि चळत २ मीटरवरून सोडलीत, तर दोन्ही जवळजवळ एकदम जमिनीला टेकतात.

आता वाट्यांच्या जागी माणसं आणू. समजा, कपडे आणि पॅराशूट धरून एका ताईचं वजन ६४ किलो आहे आणि एका दादाचं ८१ किलो. हिशेब सोपा व्हावा म्हणून दोघांचं अंग हवेपुढे सारखंच पसरलंय असं धरू. दादा ताशी १९८ किलोमीटरनं पडत असेल, तर ताई पडेल ताशी १७६ किलोमीटरनं. फरक फक्त २२ किलोमीटरचा! पण दहा सेकंदांत ताई दादाच्या ६० मीटर वर राहते. म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवर ताई आणि खाली रस्त्यावर दादा! प्रत्यक्षात लहानखुऱ्या माणसाचं अंगही कमी पसरलेलं असतं, त्यामुळे फरक इतका पडत नाही. पण हात हुकायला दोन मीटरही पुरतात.

बरं, नुसता हात हुकला एवढ्यावर भागत नाही. ठरलेल्या उंचीवर सगळे एकमेकांपासून लांब पांगतात आणि पॅराशूट उघडतात. अशा वेळी कुणी दुसऱ्याच्या डोक्यावर राहून गेलं आणि खालच्यानं पॅराशूट उघडलं, तर खालचा एकदम मंदावतो आणि वरचा त्याच्यावर येऊन आदळू शकतो. म्हणून बरोबरीनं पडणं ही केवळ हौस नाही, सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मग हलक्या माणसानं लगेच शिसं बांधायचं का? छे! आधी दोन सोपे उपाय करून बघायचे. पहिला म्हणजे शरीराची ठेवण. पोट पुढे काढून अंगाची कमान केली, की हवा बाजूनं निसटते आणि वेग वाढतो. उलट छाती आत घेऊन अंग पसरट केलं, की वेग कमी होतो. दुसरा उपाय म्हणजे कपडे. घट्ट, गुळगुळीत नायलॉनचा जंपसूट वेग वाढवतो. ढगळ, सुती कापडाचा वेग कमी करतो. आपल्या पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडला चक्क नऊवारी नेसून उडी मारली होती. फडफडणारं कापड जितकं जास्त, तितकी हवा जास्त अडते, हे ध्यानात ठेवा.

हे दोन्ही करूनही ताई वरच राहत असेल, तरच पट्ट्याची पाळी. आता तो निवडायचा कसा?

आधी वजन. सुरुवात एक-दोन किलोंपासून. उडी मारायची, सोबत्यानं घेतलेलं चित्रण बघायचं आणि लागलं तरच थोडं वाढवायचं. आपल्या ताईनं ५ किलो शिसं बांधलं, तर तिचा वेग १७६ वरून साधारण १८३ होईल. पूर्ण बरोबरी होणार नाही. उरलेला फरक कुणी भरून काढायचा? दादानं! त्यानं ढगळ सूट घालायचा, अंग पसरट ठेवायचं. रिंगण काही एकट्या ताईचं नाही.

शिसंच का, वाळू का नाही? कारण शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड. ४ किलो शिसं दीड-दोन पेले पाण्याएवढ्या जागेत मावतं. तेवढीच वाळू बांधली तर कमरेला गाठोडंच होईल आणि हवा आणखी अडेल. शिशाचे छर्रे भरलेल्या मऊ पिशव्या बऱ्या. त्या अंगाबरोबर वळतात. पाण्यात बुडी मारणारे पाणबुडे वापरतात तसल्या कडक वड्या उतरताना पडलं-झडलं तर बरगडीला लागतात. पिशवीची शिवण पक्की हवी, कारण शिसं विषारी असतं. हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे.

ओझं दोन्ही बाजूंना सारखं हवं, नाहीतर माणूस हवेत गरगर फिरायला लागतो. पट्टा घट्ट हवा. सैल पट्टा घसरून मांड्यांवर आला तर पायच बांधले जातील. सुट्या वड्या खिशात कोंबणं तर साफ चूक. वरून निसटलेला शिशाचा तुकडा खाली कुणाच्या डोक्यात बसला, तर काय होईल ते सांगायला नको.

पॅराशूट उघडायची मूठ बहुतेकांच्या पाठपिशवीच्या तळाशी, उजव्या हाताला असते. बिघडलेलं पॅराशूट सोडून द्यायची आणि राखीव पॅराशूट उघडायची, अशा दोन मुठी छातीवर असतात. पट्ट्यानं, त्याच्या लोंबत्या टोकानं यातलं काहीही झाकता कामा नये. म्हणून सगळं अंगावर चढवून आधी जमिनीवरच वाकून, कमान करून, प्रत्येक मुठीला हात लावून बघायचं.

बक्कल असं हवं, की आपणहून उघडणार नाही, पण एका हातानं ओढलं की झटकन सुटेल. का? कारण वाऱ्यानं भरकटून तळ्यात उतरायची वेळ आली, तर तेच शिसं माणसाला तळाला नेईल. काही जण पट्ट्याऐवजी शिशाचं जाकीट घालतात. त्यात ओझं छान वाटलं जातं, पण पॅराशूटच्या पट्ट्यांखाली अडकलेलं जाकीट पाण्यात लवकर निघत नाही. जवळपास पाणी असेल तिथे हा विचार आधी करायचा. आणि जमिनीवर उतरायचं असेल, तर शिसं हवेत टाकायचं नाही; खाली माणसं असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅराशूट उघडलं, रिंगणाचं काम संपलं. शिसं मात्र कमरेलाच आहे! पॅराशूट जितक्या ओझ्याला टांगलेलं, तितकं ते वेगानं उतरतं. ताईचं एकूण वजन ६४ वरून ६९ किलो झालं, म्हणजे सुमारे ८ टक्के वाढलं. पण जमिनीला टेकताना तिच्या अंगातली गतिज ऊर्जा १६ टक्के वाढते. ही वाढ घोटे-गुडघ्यांना सोसावी लागते. मुख्य आणि राखीव, दोन्ही पॅराशूटना जास्तीत जास्त किती वजन चालतं ते ठरलेलं असतं. त्यात शरीर, कपडे, सामान आणि शिसं, सगळं धरायचं. हवेत उसनं घेतलेलं वजन जमिनीवर फेडावं लागतं. म्हणून पट्टा निवडायचा तो लागेल तेवढाच. एक छर्राही जास्त नको.

आणि एक गोष्ट मला फार आवडते. या खेळात प्रत्येकाला वजन विचारतात, कधी कधी काट्यावरही उभं करतात. विमान किती भरायचं, पॅराशूट कोणतं द्यायचं, हे त्या आकड्यावर ठरतं. लाजून दोन-चार किलो लपवले तर धोका. तिथे कुणी कुणाला 'काडीपैलवान' म्हणत नाही की 'ढब्बू' म्हणत नाही. हलक्याला पट्टा देतात, जडाला ढगळ सूट देतात आणि म्हणतात, "चल!" वर्गात वजनावरून कुणाला चिडवण्यापूर्वी हे आठवाल ना?

अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमांप्रमाणे उडीसाठी १८ वर्षं पूर्ण लागतात. तोवर गच्चीवरून, झाडावरून असले प्रयोग अजिबात करायचे नाहीत! आपले प्रयोग वाट्यांवरच.

तर हे घ्या आजचं कोडं : सुटी वाटी १ मीटरवरून सोडली आणि नऊ वाट्यांची चळत तिच्याबरोबरच जमिनीला टेकायला हवी असेल, तर चळत किती उंचीवरून सोडाल? आधी कागदावर सोडवा, मग मोठं माणूस जवळ घेऊन करून बघा. उत्तर पुढच्या अंकात!