तेराव्यानंतरचं घर

मैत्रिणींनो, आज जरा जड विषय काढते आहे. पण ही वेळ आपल्यापैकी बहुतेकींवर कधी ना कधी येतेच, आणि आली म्हणजे कुणाला काय विचारावं तेही सुचत नाही. तेव्हा आधीच बोलून ठेवलेलं बरं.

माहेरहून निरोप येतो, वडील गेले. हातातलं काम तसंच टाकून आपण मिळेल त्या गाडीनं धावतो. पुढचे तेरा दिवस कसे जातात ते कळतही नाही. शेजारच्या बायका पिठलं-भात आणून देतात, गुरुजींची यादी, दहावा, बारावा, तेरावा, एक झालं की दुसरं. घर माणसांनी भरलेलं असतं. मग चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी निघतात आणि घरात एकटी आई उरते. संध्याकाळी सवयीनं दोन कप चहाचं आधण ठेवते, आणि मग तिच्या लक्षात येतं.

माझे वडील गेले तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगते. तेराव्याचं जेवण आटोपल्यावर आम्ही भावंडं माजघरात बसलो आणि अर्ध्या तासात ठरवून टाकलं, आईनं एकेकाकडे तीन-तीन महिने राहायचं. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. उरलेले लाडू आमच्यासाठी डब्यांत भरत होती. तिला कुणी विचारलंच नाही. ती 'बरं' म्हणाली आणि माझ्याबरोबर आली. मी कपाटातला एक कप्पा तिला रिकामा करून दिला होता. दोन महिने झाले तरी तिनं साड्या त्यात ठेवल्या नाहीत. रोज पिशवीतून काढायची, धुऊन पुन्हा पिशवीत ठेवायची. एक दिवस म्हणाली, "माझ्या तुळशीला कोण पाणी घालत असेल गं?" त्याच आठवड्यात मी तिला घरी नेऊन पोचवली.

म्हणून पहिली गोष्ट ही, की आईनं कुठं राहायचं हे तेराव्याच्या दिवशी ठरवू नका. तब्येत फार बिघडलेली असेल, घर लगेच सोडावं लागणार असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी निदान वर्षश्राद्धापर्यंत तिचं घर मोडू नये. आणि विचारायचं तर सगळ्यांच्या देखत नको. चारचौघांत ती 'तुम्ही म्हणाल तसं' एवढंच म्हणणार. दुपारी शेजारी आडवं होऊन, हळू आवाजात विचारा. एकदा नाही, दोन-तीनदा विचारा. आई गेली आणि वडील मागे राहिले, तरी हेच. पुरुषमाणूस बोलत नाही, म्हणून त्याला मत नसतं असं नाही.

आता समाचाराला येणाऱ्यांचं. माणसं मायेनं येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. पण प्रत्येक जण 'कसं झालं हो?' विचारतो, आणि आई पहिल्यापासून सगळं सांगत बसते. दिवसातून वीस वेळा! ते सांगायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावं. फोनवर निरोप देतानाच 'संध्याकाळी चार ते सात या' म्हणून सांगावं. दुपारची झोप तिला मिळालीच पाहिजे. तिच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांकडे एकीनं लक्ष ठेवावं. या गर्दीत त्याच चुकतात. एक वही दाराजवळ ठेवा, कोण आलं, कुणी काय दिलं, कुणाचे पैसे खर्च झाले. खर्चाचा हिशेब तेराव्याआधीच भावंडांनी मिळून बघावा, म्हणजे पुढं 'मीच सगळं केलं' असं कुणाच्या तोंडी येणार नाही.

आणि भावजयीची आठवण ठेवा. आपण लेकी आईपाशी बसून रडतो, तेव्हा ती चुलीपाशी उभी असते. तिलाही सासरे गेल्याचं दुःख असतं. चहाची फर्माईश करण्याआधी स्वतः उठून पातेलं ठेवावं.

शास्त्रानं लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीनच दिवसांचं सांगितलं आहे. आईला आपली गरज मात्र पुढं वर्षभर असते. आपण सगळ्या बहिणी एकदमच येतो आणि एकदमच जातो, तिथंच चुकतं. एकीनं तेराव्यानंतर आठ दिवस थांबावं. ती निघाली की दुसरीनं यावं. मग कॅलेंडर पुढ्यात घेऊन वर्षाचे अवघड दिवस आधीच वाटून घ्यावेत. दर महिन्याची तिथी, वडिलांचा वाढदिवस, त्या दोघांच्या लग्नाचा दिवस, पहिली दिवाळी. त्या दिवाळीला घरात फराळ करत नाहीत. तेव्हा तो आपण डबे भरून न्यायचा आणि तिच्याबरोबर बसून खायचा. नोकरीमुळे जाणं जमत नसेल तर फोनची वेळ ठरवून घ्या. रोज रात्री नऊला म्हटलं की नऊलाच. ती वाट बघत असते.

आता कागदपत्रं. हे काम पुरुषांचं म्हणून बाजूला होऊ नका, निदान एक पिशवी करून सगळे कागद त्यात घाला. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत व्हावी लागते, आणि ती होते जिथं मृत्यू झाला त्या गावच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. घर साताऱ्यात आणि दवाखाना पुण्यात असेल तर दाखला पुण्याचा. दाखल्यावर नाव आधार कार्डाप्रमाणे आणि बँकेच्या पुस्तकाप्रमाणे आहे ना, ते अक्षर न् अक्षर तपासा. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात.

वडिलांचं एटीएम कार्ड आणि त्याचा आकडा ठाऊक असला तरी ते गेल्यावर त्यातून पैसे काढू नका. बँकेला रीतसर कळवा. खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो' अशा पद्धतीचं असेल, तर आईचे व्यवहार अडत नाहीत. वडिलांना सरकारी पेन्शन असेल तर तीही बँकेत कळवावी लागते. त्यांच्या पश्चात जमा झालेली पेन्शन परत जाते. आईला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वेगळा अर्ज करायचा असतो. तो आधी करा, कारण तिचा महिन्याचा खर्च त्यावर असतो. खात्याला वारसदार म्हणून नाव लावलेलं असलं, तरी ते पैसे बँकेतून घेण्यापुरतं; घेणारा त्याचा मालक ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

राहिला घराचा, जमिनीचा प्रश्न. तो या तेरा दिवसांत काढूच नये, आणि कुणी काढला तर सही करू नये. 'नुसती एक सही हवी' असं म्हणून हक्कसोडीचा कागद पुढं येतो, आणि त्या दुःखात आपण वाचतही नाही. भावावर माया असेल, सोडायचं असेल, तर सोडा. पण सवडीनं, वाचून, वकिलाला दाखवून सोडा. एक गोष्ट मात्र बऱ्याच घरांत विसरली जाते. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांच्याइतकाच आईचाही वाटा असतो. आपण आपलं काय ते सोडू; पण आईकडून तिचा वाटा सोडवून घ्यायला निघालेल्या कुठल्याही कागदावर आपण साक्षीदार म्हणून उभं राहू नये. स्वतःच्या घराच्या उंबऱ्याच्या आत ती ताठ मानेनं राहते, ती त्या वाट्याच्या जोरावर.

आणि उद्या सासरे गेले, तर याच गोष्टीत आपण भावजयीच्या जागी असू. तेव्हा नणंद आठ दिवस राहायला आली तर तोंड वाकडं करायचं नाही, आणि सासूबाईंना कुठं राहायचं ते आपण होऊन विचारायचं.

माझी आई आता तिच्याच घरात राहते. रात्री शेजारची कॉलेजातली मुलगी सोबतीला असते, महिन्यातून एक शनिवार-रविवार मी आणि एक भाऊ जातो. परवा गेले तर कपाट उघडून बसली होती. वडिलांचे सदरे धुऊन घडी घालून ठेवलेले होते. म्हणाली, "आता कुणाला तरी देऊन टाकू या." वर्ष उलटून चार महिने झाले होते. आम्ही तेराव्याला ते देऊन टाकायला निघालो होतो.