विजेच्या सायकलीची साखळी
घरातील यंत्रे

सायकल हे आपल्याकडील कुटुंबांचे फार जुने सोबती वाहन आहे. पंक्चर काढणे, साखळीला तेल घालणे, सैल झालेला ब्रेक आवळणे ही कामे घरातील थोरली मुलेसुद्धा सहज करीत. परंतु त्याच सायकलीला मोटर व बॅटरी जोडली गेली, की घरातील माणसे तिच्यापासून चार हात दूर राहू लागतात. साखळी कुरकुरली, पायडल मारताना झटका बसला, तरी ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून ती तशीच चालविली जाते. ही भीती थोडी रास्त आणि पुष्कळशी अनाठायी आहे. तिची नीट वाटणी केली, तर पहिल्यांदाच हातात पाना घेणाऱ्यालाही आपल्या कामाची मर्यादा कळेल.

आम्ही राहतो त्या जयपूरच्या मानसरोवर वसाहतीत अशा सायकलीचा उपयोग चांगला होतो. जयपूरची मेट्रो ३ जून २०१५ रोजी प्रथम धावली ती येथूनच. घर ते स्थानक, घर ते शाळा, घर ते बाजार अशा लहान फेऱ्यांना हे वाहन सोयीचे. कायद्याचीही अडचण नाही. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर अशा सायकलीला मोटरवाहन समजले जात नाही. नोंदणी व परवाना लागत नाही. अडचण आहे ती धुळीची. उन्हाळ्यात येथे ‘आँधी’ येते आणि बारीक वाळू घराच्या फटीफटींतून शिरते. साखळीवरील तेलात ती मिसळली, की वंगणाचे रूपांतर कानशीत होते. वाळूतील गारगोटीचे कण साध्या पोलादावर ओरखडा पाडण्याइतके कठीण असतात.

यंत्राची झीज ही जयपूरला नवी गोष्ट नव्हे. १७२७ मध्ये हे शहर वसविणाऱ्या सवाई जयसिंहांनी वेधासाठी प्रथम पितळी यंत्रे वापरून पाहिली. परंतु ती लहान पडतात, त्यांचे आस झिजतात व मध्यबिंदू ढळतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी दगडचुन्याची अचल यंत्रे उभारली. आपल्याला सायकल दगडाची करता येत नाही; तेव्हा झीज मोजणे आणि वेळीच आवरणे हाच मार्ग उरतो.

साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन किंचित झिजते आणि शंभराच्या आसपास सांध्यांची ती किंचित झीज एकत्र होऊन साखळी लांबते. लांबलेली साखळी चक्राच्या दातांवर नीट बसत नाही व जोर येताच घसरते. साध्या सायकलीवर माणूस फार वेळ टिकेल असा जोर लावतो तो सुमारे १०० वॉटचा. ज्या सायकलीची मोटर पायडलांच्या आसापाशी असते, तिथे मोटरचा जोरही ह्याच साखळीतून जातो. म्हणून तिची साखळी लवकर झिजते. मोटर मागच्या चाकात असेल, तर साखळीवर केवळ पायांचा भार येतो. कोणत्याही प्रकारात भर रहदारीत उभे राहून पायडल मारताना साखळी निसटली, तर चालविणारा तोल जाऊन पडतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ कुरकुरीचा नाही. घरातल्या माणसाच्या हातापायांचा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी काढून दूर ठेवणे. साध्या सायकलीचे मागचे चाक उचलून आपण बेधडक पायडल फिरवितो. विजेच्या सायकलीत मात्र पायडलाचे फिरणे हीच मोटरला सुरू होण्याची खूण असते. बॅटरी जागेवर असताना एका हाताने पायडल फिरविले आणि दुसऱ्या हाताची बोटे साखळीपाशी असली, तर बोट दातांत सापडण्यास क्षण पुरतो. केवळ कळ बंद करून भागत नाही. बॅटरी काढल्यावर कळ एकदा दाबावी, म्हणजे यंत्रणेत उरलेला थोडा विद्युत्‌भारही निघून जातो.

मग झीज मोजावी. एक फुटाची धातूची पट्टी साखळीवर धरावी आणि शून्याची खूण एका पिनेच्या मध्यावर आणावी. साखळीच्या दोन पिनांतील अंतर अर्धा इंच असते. म्हणून नव्या साखळीत तेथून चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल, तर साखळी बदलावी. तीन मिलिमीटर पुढे गेली असेल, तर दातेरी चक्रेही झिजली असण्याचा संभव मोठा. त्यांवर नवी साखळी चढविली तरी ती घसरेल. आमच्या घरच्या सायकलीत ही पिन दोन मिलिमीटर पुढे होती. साखळी बदलली आणि चक्रे वाचली. एका पट्टीने मोठा खर्च टळतो तो असा.

नवी साखळी कापताना जुनीशी टोके जुळवू नयेत, कारण जुनी लांबलेली असते, कड्या मोजाव्यात. जोडकडीला चाप असेल, तर त्याचे बंद टोक साखळी ज्या दिशेने धावते त्या दिशेला असावे. उलट बसविलेला चाप कशाला तरी अडकून निघून येतो. गिअर नसलेल्या सायकलीत साखळी मध्यभागी बोटाने दाबली असता एक ते दीड सेंटिमीटर हलावी. पायडल काढण्याची वेळ आली, तर डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे ध्यानात असू द्यावे.

साखळी ताणण्यासाठी मागचे चाक सरकविताना, मोटर त्याच चाकात असेल, तर अधिक जपावे लागते. तिथे आसाच्या नटांवर केवळ चाकाचा भार नसतो. मोटर जोर लावताना आसालाच उलट फिरवू पाहते. नट सैल राहिला किंवा त्याखालील दातेरी वॉशर विसरला, तर आस फिरतो आणि मोटरची तार पिळवटून तुटते. म्हणून काढताना प्रत्येक वॉशर कोणत्या क्रमाने होता ते कागदावर लिहून ठेवावे आणि शेवटी नट लांब दांड्याच्या पान्याने घट्ट आवळावेत.

स्वच्छतेसाठी पाण्याचा जोरदार फवारा मारू नये. चिंधीने पुसावे, प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब सोडावा आणि बाहेरचे तेल पुसून टाकावे. धुळीच्या प्रदेशात बाहेर राहिलेले तेल हेच वाळूला आमंत्रण होय. आँधीनंतर पुसण्याचे हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि ते मुलांकडे निश्चिंतपणे सोपवावे.

येथे आपली हद्द संपते. मोटर उघडणे, नियंत्रकाच्या तारा बदलणे आणि विशेषतः बॅटरीची पेटी फोडणे ही कामे घरी करू नयेत. लिथियमच्या बॅटरीत चुकीचा स्पर्श झाल्यास आग लागू शकते. वेग वाढविण्यासाठी फेरफार करण्याचा मोहही टाळावा. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा ओलांडली, की तीच सायकल कायद्याने मोटरवाहन ठरते.

एक पट्टी, दोन पाने, पिन काढण्याचे लहान हत्यार आणि तेलाची कुपी एवढे साहित्य घरी असले, तर वर सांगितलेली सर्व कामे रविवारच्या एका सकाळी पुरी होतात. काम झाल्यावर बॅटरी बसवून प्रथम मोकळ्या आवारात, मोटर बंद ठेवून, एक फेरी मारावी. दुसरी फेरी मोटर लावून. दोन्ही फेऱ्यांत साखळी शांत राहिली आणि ब्रेक लागले, तरच सायकल रस्त्यावर न्यावी.