ताईचा हप्ता

दिवाळीला आत्याने फराळाचं ताट पुढे केलं, तर ताई मोबाईलवर विम्याचा हप्ता भरत बसलेली. ती बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बाँडवर डॉक्टर आहे.

"गाडीचा का गं?" आत्याने विचारलं.

"नाही, माझाच. पेशंटने केस केली तर."

हप्ता गेल्या वर्षीपेक्षा वाढलाय, पगार आहे तेवढाच. सप्टेंबर २०२५ पासून घरच्या आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला, पण डॉक्टरांच्या या पॉलिसीवर अठरा टक्के आहेच.

मित्रांनो, मला वाटायचं, सरकारी डॉक्टरला विमा कशाला? सरकार आहे ना मागे! कायदाही तसंच म्हणतो. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात नसबंदी करताना एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. भरपाईची जबाबदारी सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारवर टाकली, पण १९९६ मध्ये. तेहतीस वर्षं! तोवर नोटिसा, तारखा, वकील. सरकारचं एक वेळ चालतं, पंचवीस वर्षांच्या डॉक्टरचं काय? त्यात २०१३ साली कोलकात्याच्या एका खाजगी रुग्णालयाच्या खटल्यात भरपाई सहा कोटींच्या घरात गेली. असे आकडे ऐकले की पन्नास लाखांची पॉलिसीही तोकडी वाटते.

बरं, ही पॉलिसी मध्येच सोडताही येत नाही. ज्या दिवशी दावा येतो, त्या दिवशी ती चालू असावी लागते. म्हणजे बाँड संपवून ताई कुठेही गेली, तरी इथल्या बाळंतपणांपायी हप्ते भरत राहायचं.

माझं मत साधं आहे: सरकारी कामाचा विमा सरकारने भरावा. हे अशक्य नाही. नसबंदीसाठी २००५ पासून अशी योजना आहेच. ऑपरेशन फसलं किंवा बाई दगावली तर भरपाई मिळते आणि डॉक्टरवर केस झाली तर तिलाही ठराविक रकमेपर्यंत संरक्षण आहे. कुटुंबनियोजनाला जमतं, मग बाळंतपणाला का नाही? कुणी म्हणेल, मग डॉक्टर बेफिकीर होतील. पण विमा फक्त पैसे भरतो. गंभीर निष्काळजीपणाला न्याय संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद आहे, ती काही विमा कंपनी भोगत नाही.

आणि हप्ता डॉक्टर भरत असली तरी भीतीची किंमत पेशंट मोजतो. (मुमताज महल याच गावात बाळंतपणात गेली, १६३१ साली. तिच्यासाठी ताजमहाल झाला, आमच्या बायकांसाठी रेफरची चिठ्ठी.) गेल्या महिन्यात ताईकडे पायाळू बाळाची केस आली. भूलतज्ज्ञ नव्हता. आधी अशी दोन बाळंतपणं तिने केली होती. या वेळी तिने खंडव्याची चिठ्ठी लिहिली. सत्तर किलोमीटर, रात्रीचे अकरा.

"बाळ बरंय," ताई म्हणाली. "पण ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी पॉलिसीची तारीख बघत बसले होते."