गिझर बिचारा काय करणार?

नळावर पांढरे डाग, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, बादलीला आतून खरखरीत थर आणि गिझरमधून खडे उकळल्यासारखा आवाज... वाकड, हिंजवडी, वाघोलीकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्या मंडळींना हे वर्णन ओळखीचं वाटेल. यावर आपली प्रतिक्रियाही ठरलेली. "कंपनीच भंगार आहे!" मग दुसऱ्या कंपनीचा गिझर आणायचा, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. अहो, इनपुटच तसं असेल तर प्रोग्रॅमला शिव्या घालून काय उपयोग?

शाळेत 'दुष्फेन पाणी' नावाचा प्रकार होता, आठवतंय? परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. जुन्या बायका त्याला सरळ 'जड पाणी' म्हणायच्या. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, संपली टेस्ट! खडकवासल्याचं पाणी म्हणजे धरणात साठलेला पाऊस, त्यामानाने मऊ. पेठांमध्ये वाढलेल्या माणसाला म्हणूनच ही भानगड माहीत नसते. नव्या भागात मात्र महापालिकेचं पाणी पुरत नाही, मग बोअर आणि टँकर. जमिनीत मुरलेलं पाणी खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊनच वर येतं.

आता गंमत बघा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं आहे. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतो तो चक्क खडू. तो बसतो नेमका सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. थर चढला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जळते. वॉशिंग मशीनच्या हीटरचंही हेच.

थोडा हिशोब करू. समजा पाण्याची कठीणता लिटरला 400 मिलिग्रॅम आहे आणि गिझरमधून रोज 100 लिटर पाणी जातं. म्हणजे रोज 40 ग्रॅम, वर्षाला साधारण साडेचौदा किलो खडूचा ऐवज त्या टाकीतून जातो. सगळा आत बसत नाही हे मान्य. पण थोडा जरी बसला तरी काय होईल याचा अंदाज येतो ना? भारतीय मानक आयएस 10500 (2012) पिण्याच्या पाण्यासाठी 200 मिलिग्रॅम ही योग्य मर्यादा सांगतं आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. म्हणजे टँकरवाला 400 चं पाणी देऊन नियमात बसू शकतो. आपल्या पोटाला ते चालेलही, गिझरला चालत नाही!

"आमच्याकडे आरओ आहे की!" असं लगेच कुणीतरी म्हणतं. आरओ किचनमध्ये, गिझर बाथरूममध्ये. त्याला काय मिळालं? दुसरा घोळ टीडीएस मीटरचा. ते पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवून विक्रेते घाबरवत असतात. पण टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं. कठीणता हा वेगळा आकडा आहे. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे कठीणता जवळजवळ शून्यावर येते आणि टीडीएस जवळपास तिथेच राहतो. कठीणता मोजायला थेंब टाकून रंग बघायचं साधं किट मिळतं, नाहीतर लॅबमध्ये बाटलीभर पाणी द्यायचं.

माझं म्हणणं एवढंच की हा आकडा प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर हवा. बोअरचा वेगळा, टँकरचा वेगळा, दर महिन्याला. जर्मनीत 2007 च्या कायद्याप्रमाणे पाणी पुरवणाऱ्यांना ग्राहकांना कठीणता कळवावीच लागते, कारण डिटर्जंट किती घालायचं ते त्यावर ठरतं. आपल्याकडे डिशवॉशर घेतला तर तो बिचारा विचारतो, पाण्याची कठीणता किती? आणि आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूलची लांबी असते, त्यात भरायच्या पाण्याबद्दल एक अक्षर नसतं.

आकडा नसला की प्रत्येक जण आपापल्या घरात पॅच मारत बसतो. कुणी पावडरी आणतो, कुणी नळाला फिल्टर लावतो, कुणी दर वर्षी मेकॅनिक बोलावतो. आणि ग्लासवर डाग दिसले की बोलणी कोण खातं? भांडी घासणाऱ्या मावशी! त्यांनी कितीही घासलं तरी वाळताना डाग पडणारच, दोष पाण्याचा आहे.

सोसायटीने मिळून सॉफ्टनर बसवणं हा एक उपाय आहे, पण फुकटचा नाही. त्याला सतत मीठ लागतं आणि ते खारं पाणी बागेत सोडून चालत नाही. म्हणून आधी आकडा, मग कोटेशन. तोवर घरात दोन गोष्टी करता येतात. गिझरचं तापमान 50 अंशांच्या आसपास ठेवायचं आणि वर्षातून एकदा टाकी साफ करून घ्यायची.

पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होणारच आहे. त्यात दहा मिनिटं काढून एवढंच विचारा, "आपल्या पाण्याची कठीणता किती?" उत्तर आलं नाही, तर गिझर बदलण्याआधी काय बदलायला हवं ते तुमचं तुम्हालाच कळेल. बघा पटतंय का!