घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी नेहमी बेणेप्रक्रिया, पाचट नि ठिबक यांवर लिहितो. आज झोपेवर लिहितो आहे. माणूस मोठ्यानं घोरू लागला की आपण म्हणतो, 'दमलाय बिचारा, गाढ झोपलाय.' हा समज चुकीचा आहे. मीही तो बरीच वर्षे बाळगला.

मागच्या हंगामात प्लॉट पाहणीहून येताना डुलकी लागली आणि मोटारसायकल चारीत गेली. खरचटण्यावर निभावलं. घरी मंडळी म्हणाली, "अहो, रात्री तुमचा श्वासच थांबतो. मी जागी राहून बघते." तेव्हा कुठं आष्टीहून नगर गाठलं.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त बंद होते. तासाला ३० वेळा असे झाले तर आजार तीव्र समजतात. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

उपाय आहे. १९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅप यंत्राची रीत मांडली. नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा येते आणि वाट उघडी राहते. पण यंत्र आणलं म्हणजे काम झालं, असं नाही. माझा पहिला मास्क गळत होता. मी वैतागून आठ दिवस यंत्र कपाटात ठेवलं. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी मास्क बदलला, दाब तपासला. ठिबक बसवून फिल्टर धुतला नाही, तर दोष संचाचा का?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नका. रात्रीचं घोरणं ऐकणाऱ्या माणसाला बरोबर न्या. चालू गोळ्या दाखवा. अडचण लपवू नका. दारू किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी टाळा, त्याने घसा आणखी सैल पडतो. वजन जास्त असेल तर उतरवा.

आणि ट्रॅक्टरवाल्यांची चौकशी आपणच करायला हवी. मागं दोन ट्रेलर ऊस आणि पुढं पेंगणारा ड्रायव्हर, हा धोका साऱ्या रस्त्याला आहे. वाहतुकीच्या करारावेळी टायर, दिवे पाहतो, तसे 'दिवसा झोप येते का?' हेही विचारावे. हो म्हणणाऱ्याचे काम काढू नये, त्याला तपासणीला पाठवावे. नाहीतर खरं कोण सांगेल?

आपला,
ऊस विकास अधिकारी