ट्रॅक्टरवाली नोट अकरा लाखांना का जात नाही

२०२५ च्या ऑगस्टमध्ये माझ्या चुलतभावानं मला एक बातमी फॉरवर्ड केली. अमेरिकेत बास्केटबॉलचं एक कार्ड लिलावात १ कोटी २९ लाख डॉलरना गेलं होतं. आपले शंभर कोटींच्या वर. खाली त्यानं लिहिलं होतं, "दादा, एका पत्त्याला शंभर कोटी भेटायलेत, मग माझ्या नोटेला अकरा लाख का नाही?"

मी हसण्याचा इमोजी टाकला आणि कामाला लागलो.

भाऊ दिंद्रुडला असतो. त्याची नोट पाच रुपयांची, मागं ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी असलेली, आजीच्या ट्रंकेत सापडलेली. एका व्हिडिओतल्या नंबरवर त्यानं तिचा फोटो पाठवला, तिकडून अकरा लाखांचा भाव आला. मग 'नोंदणी'चे २,१५० रुपये गेले. मग 'जीएसटी'चे ६,८००. मला मेसेज केला तेव्हा तो तिसऱ्या हप्त्यापाशी थांबला होता; १४,००० भरावेत की नाही, हे त्याला कुणाला तरी विचारायचं होतं. माझा इमोजी आल्यावर दोन दिवसांनी त्यानं ते भरले. पैसे घरातल्या उचलीतले होते. मुकादमाकडून घेतलेली उचल पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडावी लागते.

हे सगळं नंतर कळलं. कळल्यावर पुण्यातल्या माझ्या मित्रांची पहिली प्रतिक्रिया एकच: "लोभ, दुसरं काय!" माझं या लेखात भांडण आहे ते या वाक्याशी. भावाचा प्रश्न चोख होता. उत्तर द्यायला हवं होतं आणि ते मी दिलं नाही.

तर उत्तर. शंभर कोटींचं ते कार्ड २००७-०८ च्या संचातलं आहे. त्यावर मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट, दोघांच्या सह्या आहेत, दोघांच्या जर्सीवरचे लोगोचे तुकडे बसवलेत आणि असं कार्ड कंपनीनं एकच काढलं. कोबी २०२० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला, म्हणजे ती सही पुन्हा होणार नाही. त्यात जगभर पैसेवाले चाहते, आणि त्यातल्या दोघांनी तरी एकाच लिलावात हट्टाला पेटायला हवं. वस्तू किती आहेत, कितीजणांना हवी आहे, ती कोणत्या अवस्थेत आहे आणि खरी असल्याची हमी कोण देतं, यावर भाव ठरतो. वयाला यात फारसं स्थान नाही. ते कार्ड माझ्या भावाहून लहान आहे!

हे खरं तर आम्हाला दिंद्रुडच्या शाळेमागं कळलं होतं. डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं आठवत असतील: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. २००६ मध्ये खली तिकडं उतरला, अंडरटेकरला भिडला आणि त्याचं कार्ड गावात आलं. सात फुटांच्या वर उंची, त्यामुळं 'उंची' म्हटलं की डाव मारलाच. एका खलीला पाच साधी कार्डं असा भाव फुटला. कोपरा दुमडलेला असेल तर तीनच. मग दुकानदारानं माजलगावहून अख्खा बॉक्स आणला, पाकिटं फुटली, वर्गात नऊ खली झाले आणि आठवड्यात भाव एकास एक. फायदा झाला फक्त दुकानदाराचा. ज्यानं त्या आठवड्याआधी पंधरा कार्डं देऊन तीन खली जमवले होते तो मी.

अमेरिकेतही नेमकं हेच झालं, फक्त आकडे मोठे. १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या कार्डांचे भाव वाढताना दिसले, तशी कंपन्यांनी बेसुमार छपाई केली. लोकांनी मुलांच्या कॉलेजसाठी म्हणून सीलबंद खोकी जपून ठेवली. त्यातली बहुतेक आज कवडीमोल आहेत, कारण जपून ठेवणारे सगळेच होते. आणि जॉर्डनचं १९८६ चं प्रसिद्ध कार्ड? कार्ड तपासून एक ते दहा गुण देणाऱ्या संस्था तिकडं आहेत. दहापैकी दहा मिळालेलं ते कार्ड जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलरना गेलं. काही महिन्यांत तशीच कार्डं निम्म्याहूनही कमी किमतीला विकली जाऊ लागली. जॉर्डन २००३ मध्येच निवृत्त झालेला. मधल्या काळात ना त्यानं एक बास्केट टाकली, ना कागद जुना झाला. लॉकडाउनमध्ये घरी बसलेली, त्याच्यावरची माहितीपटाची मालिका पाहून पेटलेली गर्दी पांगली, एवढंच.

आता ट्रॅक्टरवाली नोट या मापात बसवा. अशा नोटा वर्षानुवर्षं छापल्या गेल्या, घराघरात पडून आहेत. आजीची नोट चार घड्या पडलेली, एका कडेला हळदीचा डाग. संग्राहक असली नोट घेत नाही. नाण्यांचे खरे जाणकार १९३९ चा चांदीचा रुपया शोधतात. त्याच राजाचा १९४० चा मात्र ढिगानं मिळतो. एका वर्षाचा फरक, भावात जमीन-अस्मानाचा. आणि तो १९३९ चा रुपयाही आधी तपासला जातो, कारण खोटे फार.

व्हिडिओवाले यातलं काही सांगत नाहीत. 'जुनी नोट, लाखोंची कमाई' असा थंबनेल लावून व्ह्यूज घेतात. त्यांना त्या नोटेतून खरोखर पैसे मिळतात. भावाला बोली लावणाऱ्यालाही मिळाले. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ लाच जाहीर केलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकार तिनं कुणाला दिलेला नाही. ते पत्रक माझ्या भावाच्या फोनवर कधी आलं नाही. शंभर कोटींची बातमी मात्र आली. तीही कार्ड एकच होतं हे तिसऱ्या परिच्छेदात ढकलून.

म्हणून लोभाची भाषा मला चीड आणते. बाजार चढताना क्रिप्टो घेणाऱ्या, लिमिटेड एडिशन बुटांसाठी रांग लावणाऱ्या माझ्या मित्रांना कुणी लोभी म्हणत नाही. त्यांना 'रिस्क घेणारे' म्हणतात. भावानं २२,९५० रुपये घालवले तर तो अडाणी. बारावीला त्यालाही मागणी-पुरवठ्याची आकृती होती, सहा गुणांना. खलीच्या कार्डाचं उदाहरण तिथं कुणी दिलं नाही.

तक्रारीसाठी १९३० वर फोन कर, असं मी त्याला तीनदा म्हटलं. तो लाजेनं टाळत राहिला. मागच्या आठवड्यात त्याचा मेसेज आला: नवीन नंबरवरून फोन आलाय, बुडालेले सगळे पैसे परत मिळवून देतो म्हणतायत, आधी ४,००० भरायला लावतायत. "दादा, भरू का?" या वेळी मी लगेच फोन केला.