समुद्रकाठचे दोन दिवस

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी मला मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला. मुलगा दुबईला इलेक्ट्रिशियन आहे. फोटोत तो आणि त्याचे चार-पाच सोबती समुद्राच्या वाळूत बसून मासे भाजत होते. शेजारणीने तो फोटो पाहून टोमणा मारला होता, "इथं घराचे पत्रे गळतात आणि पोरगा तिकडं मजा मारतोय!" मावशींना ते लागले. मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही राहून आलात तिकडं. खरं सांगा, पोरगा बिघडला का हो?"

त्यांना जे सांगितले तेच आज वाचक बंधू-भगिनींना सांगतो.

मी २००८ ते २०१२ अशी चार वर्षे शारजात एका कंपनीत हिशेबाचे काम केले. एका खोलीत आम्ही सहा जण होतो. भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे द्यायचे. तिकडे त्याला 'बेडस्पेस' म्हणतात. सुट्टी आठवड्यातून एकच, शुक्रवारची. ती कपडे धुण्यात आणि घरी फोन करण्यात संपायची. समुद्र जवळच होता, पण दोन वर्षांत मी त्याच्या काठी तासभरही बसलो नव्हतो.

२ डिसेंबर हा तिथला राष्ट्रीय दिन. १९७१ साली त्या दिवशी अमिरातींचा संघ झाला. २०१० मध्ये तो गुरुवारी आला आणि शुक्रवार जोडून दोन दिवस मोकळे मिळाले. खोलीतल्या केरळच्या मित्राने खोरफक्कानला जायचा बेत काढला. वर्गणी माणशी चाळीस दिरहम. त्या वेळी एका दिरहमचे साधारण बारा रुपये होत. म्हणजे चारशे ऐंशी रुपये! माझ्या मुलीच्या शिकवणीची महिन्याची फी तेवढीच होती. मी नाही म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "तू सगळ्यांचा हिशेब ठेवतोस, तुझा कोण ठेवणार?" मी गप्प पैसे दिले.

आमच्याबरोबर लातूरकडचा एक गवंडी होता. कामगारांच्या कॅम्पात राहायचा, कधीतरी शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. त्याची वर्गणी आम्ही वाटून घेतली.

शारजाहून धैद, मसाफी असा रस्ता. आता २०१९ पासून डोंगरातल्या बोगद्यांतून थेट रस्ता झाला आहे, तेव्हा वळसा होता. वाळवंट संपते आणि हजर पर्वताचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर सुरू होतात. मसाफीला रस्त्याच्या कडेला गालिच्यांची आणि फळांची दुकाने लागतात. डोंगर उतरलो की समोर खोरफक्कानचा अर्धगोल किनारा. एका बाजूला बंदरातल्या उंच क्रेन, पाठीशी डोंगर आणि पुढे निळे पाणी. मासळी बाजारातून सुरमई घेतली. मसाला केरळचा, कोळसे फुलवायचे काम नागपूरच्या मित्राचे.

आपल्यापैकी कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चैत्यभूमीवर. मीही वडिलांचा हात धरून तसाच पाहिला. रांगेत उभे राहायचे, अभिवादन करायचे आणि रात्रीची गाडी पकडायची. समुद्राकाठी नुसते बसायचे असते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. खोरफक्कानला पहाटे जाग आली तर सूर्य पाण्यातून वर येत होता. दादरला तो पाण्यात बुडतो. तेव्हा उमगले की आपण त्याच पाण्याच्या पलीकडच्या काठावर बसलो आहोत. तीन दिवसांनी त्या काठावर आपली माणसे जमणार होती.

पण मावशींना मला खरे सांगायचे होते ते आदल्या रात्रीचे. जेवणे झाली, चटईवर आडवे झालो. दिवसभर एक शब्द न बोललेला तो गवंडी अंधारात म्हणाला, "तीन महिने झाले, पगार नाही. घरी सांगितलं नाही. झोप लागत नाही." कॅम्पात हे बोलायची त्याला भीती वाटत होती. दुसऱ्या कोणाच्या कानावर गेले तर कामावरून काढतील ही धास्ती. त्या वाळूत मुकादम नव्हता, घड्याळ नव्हते, म्हणून त्याचे तोंड उघडले.

पगार बँकेतूनच जमा झाला पाहिजे असा नियम तिथे २००९ पासून लागू होऊ लागला होता, आणि भारतीय कामगारांसाठी मदत केंद्र नुकतेच दुबईत सुरू झाले होते. परत आल्यावर आम्ही त्याचा अर्ज लिहिला, दोघे त्याच्यासोबत गेलो. फेऱ्या झाल्या, पण फेब्रुवारीत त्याला थकलेला पगार मिळाला. चाळीस दिरहमची ती सहल नसती तर तो माणूस आतल्या आत कुढत राहिला असता.

आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. ती मालकांनी आपणहून दिली नाही, नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची संघटना उभारून ती मिळवली. बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना आठ तासांच्या कामाचा आग्रह धरला तो कशासाठी? कामगाराला माणूस म्हणून जगायला वेळ हवा म्हणून. मग परदेशी राबणाऱ्या आपल्याच मुलाच्या दोन दिवसांचा हेवा आपण का करावा?

बेफिकिरीने पैसे उडवणारे असतात, नाही असे नाही. पण वर्गणी काढून सुरमई भाजणारा मुलगा बिघडलेला नसतो. त्याला एवढेच बजावा की लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नकोस, आणि प्रवाहाने ओढले तर त्याच्याशी झुंजू नकोस, काठाला समांतर पोहत बाजूला निघ. फोनवर "पैसे पाठवलेस का?" हे विचारण्याआधी "सुट्टीला कुठं गेला होतास, सोबत कोण होतं?" असे विचारा. मनातले काही सांगायचे असेल तर तो तिथूनच सुरुवात करील.

मावशींनी त्याच रात्री फोन लावला. दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, पाऊण तास बोलला. इतका कधी बोलला नव्हता."